आठ सेंटची सावली

फोटोला मराठीत छायाचित्र म्हणतात. शब्द नीट पाहिला तर जरा उलटाच आहे, कारण फोटो हे सगळं उजेडाचं काम. (प्रकाशचित्र असाही एक शब्द आहे. तो जास्त बरोबर, पण कुणाच्या तोंडी नाही.) पण खरोखरची छायाचित्रं, म्हणजे माणसाच्या सावलीवरून कात्रीने कापलेली चित्रं, एके काळी हजारोंनी तयार होत होती. युरोपात होती आणि अमेरिकेत तर फारच होती. गेले काही महिने मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. आणि वाचताना डोक्यात सारखं कडाच येतंय, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं आमचं गाव. तिथे असं कुणी कापणारा कधी आल्याचं ऐकिवात नाही. तरीही.

आधी ही सावलीची भानगड काय ते सांगतो. लहानपणी दिवे गेले की कंदिलापुढे बसून आपण भिंतीवर हरीण, कुत्रा करायचो, तसंच. माणसाला दिव्यापुढे आडवं बसवायचं, म्हणजे नाक, ओठ, हनुवटी यांची कड भिंतीवरच्या कागदावर उमटते. ती पेन्सिलीने गिरवायची, लहान करायची आणि काळ्या कागदातून कापायची. किंवा पांढऱ्या कागदातून चेहऱ्याचा भाग कापून टाकायचा आणि त्या भोकामागे काळा कागद लावायचा. डोळे नाहीत, रंग नाही, हसू नाही. फक्त कड. तरी ओळखीचा माणूस चटकन ओळखू येतो. याला सिल्हूट हे नाव पडलं ते एतिएन द सिल्हूट नावाच्या फ्रेंच अर्थमंत्र्यावरून. १७५९ साली तो जेमतेम आठ महिने पदावर होता, पण काटकसरीचे इतके उपाय काढले, की जे जे स्वस्त आणि फाटकं ते 'सिल्हूटसारखं' असं लोक म्हणायला लागले. कागदाची चित्रं त्यात आपोआप आली. तैलचित्र परवडत नाही? मग घ्या सिल्हूट!

अमेरिकेतला यातला सगळ्यात मोठा कारखाना फिलाडेल्फियात होता. चार्ल्स विल्सन पील नावाच्या चित्रकाराचं तिथे एक संग्रहालय होतं. त्यात भुसा भरलेले पक्षी, प्राणी, मॅस्टोडॉन या नामशेष हत्तीसारख्या प्राण्याचा सांगाडा आणि मोठमोठ्या लोकांची तैलचित्रं होती. १८०२ साली जॉन हॉकिन्स नावाच्या माणसाने पीलला एक यंत्र दिलं. माणसाने बाजूला तोंड करून बसायचं, एक पितळी दांडी त्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरवायची, की तिला जोडलेलं टोक तीच रेघ कागदावर लहान करून उमटवतं. कागदाची दोनदा घडी घातलेली, म्हणजे एका कापण्यात चार प्रती! एक स्वतःला, बाकीच्या आईला, बहिणीला, आणि उरली ती जिच्याकडे मन आहे तिला.

या यंत्रावर बसून कापणारा माणूस होता मोझेस विल्यम्स. तो पीलचा गुलाम. पीलच्या घरातच वाढलेला. पीलने आपल्या मुलांना चित्रकला शिकवली (त्यांची नावंसुद्धा राफाएल, रेम्ब्रां, रुबेन्स अशी ठेवली होती!). मोझेसच्या वाट्याला पक्ष्यांत भुसा भरणं आणि हे सावल्या कापणं आलं. म्हणजे घरातली सगळ्यात हलकी कला. १८०२ साली त्याला गुलामीतून मोकळं केलं आणि यंत्राची कमाई त्याची, असं ठरलं. तो माणसामागे ८ सेंट घेई. पहिल्या वर्षभरात त्याने आठ हजारांवर चेहरे कापले. पुढे त्याने दुमजली विटांचं घर घेतलं आणि पीलच्या घरच्या गोऱ्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं. पीलच्या मुलाने पुढे लिहून ठेवलंय की ही बाई आधी मोझेसला आपल्या टेबलावर जेवायला बसू देत नसे. हे वाचताना आपल्याकडच्या पंगती आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मोझेसचं स्वतःचंही एक सिल्हूट आहे. फिलाडेल्फियाच्या जुन्या ग्रंथालयात ते जपून ठेवलंय आणि त्यावर नावाखाली 'मुखाकृती कापणारा' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते कुणी कापलं, पीलच्या मुलाने की त्याचं त्यानेच, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला आपलं वाटतं, त्याचं त्यानेच कापलं असावं. आठ हजार लोकांची नाकं कापून झाल्यावर माणसाला स्वतःचं बघावंसं वाटणारच की.

पण मला झोपू दिलं नाही ते दुसऱ्या एका सिल्हूटने. कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्ड गावच्या इतिहास मंडळाकडे ते आहे. मुलीचं नाव फ्लोरा, वय १९. १७९६ साली ती २५ पौंडांना विकली गेली. त्या खरेदीखताबरोबर तिच्या डोक्याची ही कापलेली सावली राहिली आहे. केसांच्या बटा वर उभ्या राहिलेल्या, मान ताठ. ज्या साधनाने लोक आपल्या माणसाची आठवण ठेवत होते, त्याच साधनाने एक विकत घेतलेला माणूस कागदपत्राला जोडला गेला. तरीही आज त्या विकणाऱ्याचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही, विकत घेणाऱ्याचाही नाही. फ्लोराचा आहे.

आता तीच वर्षं आपल्याकडे घेऊ. १७९२ साली जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पेशव्यांच्या दरबारात होता. वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रं केली. पाठ्यपुस्तकांतून आपण जे नाना फडणीस ओळखतो, ती उभट चेहऱ्याची सावध मूर्ती, ते बरंचसं या वेल्समुळे. शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही निघाली. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. आडनावावरून कळतंच, घराणं तांब्याचं काम करणारं. पण या सगळ्या कारभारात चेहरा कुणाचा उतरला? पेशव्यांचा, कारभाऱ्यांचा, सरदारांचा. आणि सावलीचं म्हणाल तर त्याच पुण्याबद्दल डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी जातींवरच्या आपल्या १९३२च्या पुस्तकात एक नोंद केली आहे. पेशवाईत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ च्या आधी शहराच्या वेशीआत यायला बंदी होती. कारण त्या वेळेला सावल्या लांब पडतात, आणि त्या वरच्या जातीच्या माणसावर पडल्या तर तो बाटतो.

म्हणजे बघा, शतकाच्या त्याच टोकाला फिलाडेल्फियात एक मुक्त झालेला गुलाम लोकांच्या सावल्या ८ सेंटला विकून घर बांधतोय, आणि पुण्यात काही माणसांची सावली हाच गुन्हा आहे. अमेरिका मोठी भली होती असं मला म्हणायचं नाही. फ्लोराचा कागद समोर आहेच. पण ज्या सावलीची भीती वाटते, ती गिरवून देव्हाऱ्याशेजारी कोण लावील? आपल्याकडे ही स्वस्त कला का उगवली नाही याची कारणं बरीच असतील. कागद महाग होता, कात्र्या धरणारे हात दुसऱ्या कामाला होते. पण हेही एक असणार असं मला वाटतं.

मग आपल्या साध्या माणसांनी मेलेल्या माणसाची आठवण ठेवायची कशी? मराठवाड्यात फिरताना देवळाबाहेर, वेशीपाशी वीरगळ दिसतात. तळाला लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तोच वीर शिवलिंगाची पूजा करतोय आणि कडेला सूर्य-चंद्र. चेहरा मात्र सगळ्यांचा एकच. सतीशिळेवर तर आख्खी बाईसुद्धा पुष्कळदा नसते, नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. आणि हे दगडसुद्धा ऐपतवाल्यांचे.

घरोघरी असणारी वस्तू म्हणजे टाक. हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. तळहाताहून लहान, चांदीचा किंवा तांब्याचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, देवीचा टाक, भैरोबाचा टाक. आणि पुष्कळ घरांत त्यांच्याच रांगेत घरातल्या गेलेल्या माणसाचाही टाक. माणूस गेला की काही दिवसांनी सोनाराकडे जायचं. सोनाराकडे ठसा असतो. त्यावर पत्रा ठेवून ठोकला की पुरुष हवा तर पुरुष, बाई हवी तर बाई, वीर हवा तर घोड्यावरचा वीर. देव्हाऱ्यात बसवला की तो टाक आपल्या आजोबांचा होतो. दसऱ्याला, लग्नकार्याला बाकीच्या देवांबरोबर घासून उजळायचा. नाशकात धुळवडीला हे घरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात.

मोझेसच्या कागदाची आणि आमच्या सोनाराच्या ठशाची मी मनात सारखी तुलना करतो. कागदावर नाव नसलं तरी नाक त्या माणसाचंच. ठशात नाक कुणाचंच नाही. टाकातली बाई आमची पणजी आहे हे फक्त आम्हाला माहीत. आम्ही विसरलो की ती फक्त चांदी. पणजीचा टाक आमच्या घरात आजीने पाहिलेला होता. १९७२ च्या दुष्काळात घरातलं जे जे चांदीचं होतं ते गेलं, त्यात तोही गेला. आजी हे सांगताना कधी रडली नाही. 'दाणे आले तेवढ्याचे' म्हणायची. काळ्या कागदाचा हा एक फायदा माझ्या नंतर लक्षात आला, तो गहाण पडत नाही.

बरं, कॅमेरा तर आला होता. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आणि निजामाचा फोटोग्राफर म्हणजे राजा दीनदयाळ, देशातलं त्या काळचं सगळ्यात मोठं नाव. सहाव्या निजामाने त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं, १८९४ साली 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. गोषातल्या बायकांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ निघाला, तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच. हे सगळं सरदार-जहागीरदारांसाठी. आमच्या मराठवाड्यातला गरीब माणूस या कॅमेऱ्यासमोर आला तो १८९९-१९०० च्या दुष्काळात. तेव्हाच्या औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओने काढले. बरगड्या मोजता येतील अशी माणसं ओळीने उभी आहेत. सरकारने केलेल्या कामाचा तो पुरावा. फोटो उत्तम आहेत, चेहरे स्पष्ट आहेत, डोळेसुद्धा. नावं नाहीत. मी ते फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा एकेका चेहऱ्यावर थांबून आमच्या घरातलं नाक शोधत होतो. वेडेपणा आहे, पण पाहून बघा, तुम्हीही शोधाल.

लोकांना कॅमेऱ्याची भीतीही होती. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोचा धंदा करून पाहिला. कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी अफवा उठली आणि धंदा बसला. आमच्या आजीच्या पिढीतही 'फोटू काढला की आयुष्य कमी होतं' म्हणणाऱ्या बायका होत्या. आपल्याला हसू येतं. पण तोवर कॅमेरा कुणासमोर धरला जात होता ते आठवलं, की इतकं हसू येत नाही.

घरात चित्रं आली ती दुसऱ्यांची. रविवर्म्यांच्या छापखान्यातून १८९४ पासून लक्ष्मी-सरस्वती निघाल्या, त्यांच्या नकला निघाल्या, मग कॅलेंडरं. पुढे बाबासाहेबांचा फोटो. दलित वस्तीतल्या कितीतरी घरांत घरातल्या एकाही माणसाचा फोटो नव्हता तेव्हा भिंतीवर बाबासाहेब होते. सूट, टाय, चष्मा. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जात होता त्यांच्या भिंतीवरचं हे पहिलं छायाचित्र. त्यावर जास्त मी काय लिहिणार.

आपला स्वतःचा चेहरा मिळायची आमच्या भागातली पहिली जागा म्हणजे जत्रा. मढीला कानिफनाथाची, सावरगावला मच्छिंद्रनाथाची. पाळणे, रेवड्या, आणि एका कडेला कापडाच्या आडोशात फोटोवाला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं नाहीतर ताजमहाल. पुढे पुठ्ठ्याची नाहीतर खरी मोटारसायकल. ज्याने जन्मात सायकल घेतली नाही तो मोटारसायकलवर गॉगल घालून बसायचा. माझ्या मते मोझेस विल्यम्सचे खरे भाऊबंद हेच. गर्दी, रांग, थोडके पैसे, दहा मिनिटांचं काम आणि हातात घरी न्यायला एक कागद. या लोकांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. त्यांच्या पडद्यांना आज संग्रहालयात जागा मिळायला हवी. आमच्या आजोबांचा एकुलता एक फोटो या जत्रेतला आहे. तिशीतले असतील. मोटारसायकल आहेच. पायात वहाण आहे आणि चेहऱ्यावर, आता ही पेटते की काय, अशी काळजी.

बायका या आडोशात क्वचितच शिरायच्या. नवी नवरी असली आणि नवरा हौशी असला तरच. म्हाताऱ्या तर नाहीच. त्यांचा चेहरा कागदावर यायला १९९३ साल उजाडावं लागलं. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि त्यांनी मतदाराला फोटोचं ओळखपत्र हवंच असा आग्रह धरला. देशभर सगळ्यांना वाटलं की बोगस मतदान थांबवायचं काम चाललंय. ते होतंच. पण त्याच वेळी खेड्यापाड्यातल्या लाखो बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो निघत होता, फुकट, आणि हे कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. शाळेचा व्हरांडा, मागे टांगलेली चादर, पुढे लोखंडी खुर्ची. फोटोवाला पोरगा म्हणे, 'मावशी, पदर जरा मागं घ्या, कपाळ दिसू द्या.' आमच्या आजीने पदर मागे घेतला नाही. 'मपला फोटू हाय, मी बसन तसा काढ' म्हणाली. त्यामुळे कार्डावर ती अर्धी पदरात आहे. नाक, ओठ आणि हनुवटी. जवळजवळ सिल्हूटच.

हा फोटो बोटाच्या पेराएवढा. तो काढला सरकारला ओळख पटावी म्हणून, आणि वापरला गेला ती गेल्यावर. हे आमच्याच घरी झालं असं नाही. आपापल्या गावी जाऊन भिंतीवरचे म्हाताऱ्या बायकांचे हार घातलेले फोटो बघा. मान सरळ, नजर थेट, मागे काही नाही, असा फोटो दिसला की समजा, कार्डावरून मोठा केलेला आहे. दशक्रियेच्या आत नगरला जायचं, स्टुडिओत कार्ड द्यायचं, आणि तो विचारतो ती उत्तरं द्यायची. साडी कुठल्या रंगाची करू? मागे निळं ठेवू की बाग टाकू? बाप्याला फेटा चढवू का? हा पोरगा संगणकावर बसून ठरवतो की तुमची आजी पुढची पन्नास वर्षं कशी दिसणार.

आमच्या चुलत्यांनी त्याला सांगितलं की आई-बाप एका फ्रेममध्ये पाहिजेत. दोघांचा एकत्र फोटो नव्हताच. मग जत्रेतल्या फोटोतून मोटारसायकल काढून आजोबा घेतले, कार्डावरून आजी घेतली आणि शेजारी शेजारी बसवले. आजोबा तिशीचे, आजी सत्तरीची. पोरग्याने विचारलं, 'कुंकू लावू ना?' आजीचं कुंकू जाऊन वीस वर्षं झाली होती. पण शेजारी नवरा बसलेला, तो धडधाकट, मग कुंकू नको कसं म्हणणार? चुलते म्हणाले, लाव. आज तो फोटो कड्याच्या घरी मधल्या खोलीत आहे. नवा माणूस आला की विचारतो, हे माय-लेक का?

आणि मला तो फोटो फार आवडतो. साडी हिरवी केली आहे, ती तिने कधी नेसलेली नाही. बाग कुठली कोण जाणे. पण नाक तिचं आहे. पणजीचं नाक कसं होतं ते आता कुणी सांगू शकत नाही.

ऑगस्त एदुआर नावाचा एक फ्रेंच सिल्हूटवाला १८३९ ते १८४९ अशी दहा वर्षं अमेरिकेत गावोगाव फिरला. प्रत्येक चेहऱ्याची एक जादा प्रत तो स्वतःजवळ ठेवायचा आणि त्यावर नाव, गाव, तारीख लिहायचा. परत जाताना जहाज फुटलं आणि त्याचा बहुतेक संग्रह बुडाला. जे थोडं वाचलं त्यातला माणूस न् माणूस आजही नावानिशी सापडतो, ते त्या लिहिण्यामुळे. बाकीच्या हजारो सिल्हूटांना लिलावात 'अनोळखी स्त्री', 'अनोळखी पुरुष' म्हणतात.

तेव्हा घरच्या मंडळींना एक काम सांगतो. दिवाळीला सगळे कड्याला जमतोच आहोत. ट्रंकेतले, अल्बममधले फोटो काढून बसू आणि आत्याला विचारून प्रत्येकाच्या मागे नाव लिहू. शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेन पुढे उमटतं. जुनी मतदार कार्डं टाकू नका. आणि कुणाच्या देव्हाऱ्यात पितरांचा टाक असेल तर तो कुणाचा, हे एका चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.